सुरक्षित साधन उपलब्ध असूनही

वर्णन: पुरुष. वय वर्षे चौसष्ट. उंची मध्यम, बांधा काटक, वर्ण ऊन ठरवील तो. डोक्यावर केस आहेत, मात्र एकमताने नाहीत. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्याचे नख कायमचे काळे, हातोडी व अंगठा यांच्यातील जुन्या मतभेदामुळे. शिक्षण सातवी, त्यातली सहावी दोनदा. व्यवसाय शेती व दूध. मालमत्ता: उताराची जमीन, सात गायी, एक ट्रॅक्टर (चालू, अटींसह). सवयी: तंबाखू नाही, दारू नाही, बसणे नाही.

शेवटच्या नोंदीचा खुलासा करायला हवा. हा इसम बसत नाही. जेवायला बसतो, पण दोन घास होतात न होतात तोच दाराची कडी का वाजते हे बघायला उठतो, आणि कडी बघायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने गोठ्याच्या छपरावर सापडतो. शाळेत मास्तरांनी त्यांचं नाव चुळबुळे ठेवलं. मास्तर गेले, शाळेचं छप्पर गेलं, बरोबरीची निम्मी मुलं गेली, नाव तेवढं टिकलं. त्या नावाने टपाल येत नाही, एवढंच. आपणही चुळबुळेच म्हणू.

चुळबुळ्यांच्या हातात एक काम असायचं, डोक्यात दुसरं, आणि तिसरं अर्धवट होऊन कुठेतरी वाटेत पडलेलं असायचं. हाक मारली की उत्तर ठरलेलं: "आलोच." हे त्या घरातलं वेळेचं माप होतं. पाच मिनिटांपासून दुपारच्या जेवणापर्यंत त्यात काहीही मावायचं. बायको मुलाला सांगायची, "बाबा 'आलोच' म्हणाले ना? मग तू आंघोळ उरकून घे."

मुलगा आईवर गेला होता. वय अठ्ठावीस, चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. आवळलेला नट तो पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. गोठ्याला कुलूप घातलं की चार पावलं जाऊन परत यायचा आणि कुलूप ओढून पाहायचा. बाप त्याला न्यायाधीश म्हणायचा.

"काय न्यायाधीश, निकाल लागला का? की पुढची तारीख?"

"बाबा, हा नट तुम्ही आवळलाय. चौकशी करावीच लागते."

"अरे, मी चाळीस वर्षं नट आवळतोय."

"हो ना. चाळीस वर्षांचे सगळे बघायचेत, म्हणून वेळ लागतोय."

आता ट्रॅक्टरच्या अटी. ट्रॅक्टरला घरात म्हातारी म्हणत. म्हातारीचा सेल्फ अकरा वर्षांपूर्वी गेला होता, आणि हँडब्रेक त्याच्याही आधी. दुरुस्त करायचा विचार दर वर्षी होत असे आणि दर वर्षी त्यापेक्षा तातडीचं काहीतरी मोडत असे. त्यामुळे म्हातारीला रोज संध्याकाळी गोठ्याशेजारच्या उतारावर, तोंड खाली करून, उभं करायचं आणि पुढच्या चाकाला दगड लावायचा. सकाळी एकाने वर बसून पायाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने दगड काढायचा. मग ब्रेक सोडला की म्हातारी घरंगळायची, गिअर टाकला की खोकत खोकत सुरू व्हायची. यात दोन माणसं लागायची, आणि दुसरा माणूस म्हणजे चुळबुळे. म्हणजे "आलोच".

न्यायाधीशाने यावर सहा महिने विचार केला. मग कधीकाळी जनावर बांधायला वापरलेला, लोखंडी कडी असलेला एक दगड शोधून काढला, छिन्नीने घासून एका बाजूला उतरता केला आणि कडीला दोरी बांधली. आता वर बसायचं, पायाने ब्रेक दाबायचा, दोरी ओढायची, दगड बाजूला येतो. खाली कुणी उभं राहायचं कारण नाही. गावातला गॅरेजवाला मिस्त्री ते बघायला मुद्दाम आला, दोरी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाला, "नवीन सेल्फ बसवायला मला अर्धा दिवस लागला असता. पण हे बघायला मजा आली."

एका संध्याकाळी वारा सुटला. शेताच्या पलीकडच्या टोकाला गवताच्या गंजीवरची ताडपत्री एका कोपऱ्यातून फडफडू लागली. चुळबुळे गोठ्याकडे निघाले होते, ते वळले. ताडपत्रीवर ठेवायला वजन हवं होतं आणि हाताशी चांगलं वजन एकच होतं. त्यांनी म्हातारीच्या चाकाखाली एक लाकडी ठोकळा सारला, दगड काढला, शेताच्या टोकाला नेऊन ताडपत्रीवर ठेवला. सकाळी उठल्याउठल्या परत आणू, असं ठरवलं. परत येताना त्यांना पाण्याचा पाइप ठिबकताना दिसला.

सकाळी मुलाने दुधाचे कॅन ट्रॉलीत चढवले. दुधाची गाडी सात वाजता रस्त्यावर येते, आणि ती थांबत नाही अशी तिची ख्याती. त्याने चाकाखाली पाहिलं. चुळबुळे पंपाच्या खोलीत पट्टा बसवत होते.

"बाबा, दगड कुठाय?"

"माझ्याकडे आहे. आणतो. आलोच."

पंपाचा पट्टा बसला. पंपाच्या मागे कुंपणाची तार सुटलेली होती. तार बांधायला पक्कड हवी होती आणि पक्कड खळ्यात होती.

मुलगा थांबला. त्याने घड्याळ पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. सातला पाच कमी असताना त्याने म्हातारी घरंगळू नये म्हणून गिअरमध्ये टाकली, हातोडी घेतली, चाकाच्या पुढे न राहता शहाण्यासारखा बाजूला उभा राहिला आणि ठोकळ्यावर घाव घातला. ठोकळा सरळ निघाला नाही, तिरका अडकला. गिअरने म्हातारीला धरलं नाही. ठोकळ्यावरून चढताना चाक वळलं, आणि म्हातारी जिकडे वळली तिकडे तो होता. त्याच्या मागे गोठ्याची भिंत होती.

पुढचं ज्यांनी पाहिलं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुधाची गाडी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा आली.

माणसं जमली. मिस्त्री आणि शेजारचे दोघे म्हातारीला साखळी लावून मागे ओढत होते. चुळबुळ्यांचे हात आडवे येत होते म्हणून कुणीतरी त्यांचा दंड धरून म्हणालं, "तुम्ही जरा बाजूला बसा." ते बसले नाहीत. ते शेताच्या टोकाला गेले, ताडपत्रीवरचा दगड उचलला, छातीशी धरून तेवढी चढण चढून आले आणि त्याच्या नेहमीच्या जागी, उताराच्या कडेला ठेवला. दोरीची वळकटी केली. वळकटी नीट झाली नाही म्हणून सोडून पुन्हा केली.

दुपारी चौकशी अधिकारी आले. मोजमाप करणारा, बारकाईने बघणारा माणूस होता. त्यांनी फीत लावून उतार मोजला, ठोकळा उचलून पाहिला, हातोडीची जागा लिहून घेतली. मग त्यांना दगड दिसला, कडी दिसली, दोरीची वळकटी दिसली. मिस्त्रीला विचारून त्यांनी दगडाची सगळी पद्धत समजून घेतली. चुळबुळे जवळच उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, कारण अशा दिवशी बापाला काय विचारायचं.

दोन आठवड्यांनी कचेरीतला कारकून अहवाल घेऊन आला. कारकून मध्यम वयाचा, मोटरसायकलवर फायली बांधून फिरणारा, मवाळ माणूस. त्याने कागद पुढे केला. "काका, वाचा आणि खाली सही करा. 'वरील मजकूर मान्य आहे' एवढंच आहे."

वरील मजकूर असा होता: "सदर वाहन सुरू करण्याकरिता दोरी बांधलेला दगड हे सुरक्षित साधन घटनास्थळी उपलब्ध असूनही मयताने त्याचा वापर न करता लाकडी ठोकळा हातोडीने काढण्याचा प्रयत्न केला. सबब अपघात मयताच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे घडल्याचे निष्पन्न होते."

चुळबुळ्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, चष्मा मिळत नाहीये. चष्मा नाकावर होता. कारकुनाने नाकाकडे पाहिलं, आणि पुन्हा येतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या खेपेला चुळबुळ्यांच्या हाताला ग्रीस होतं. कागद खराब होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. कारकून म्हणाला, हात धुवा, मी थांबतो. ते हात धुवायला गेले आणि न्हाणीघराचं दार दुरुस्त करू लागले. तिसऱ्या खेपेला मोटरसायकलचा आवाज ऐकून ते शिडी लावून छपरावर गेले. कारकून खाली उभा राहिला.

"काका, वर अजून किती वेळ आहे?"

तोंडात आलेला शब्द चुळबुळ्यांनी गिळला. अपघातानंतर तो शब्द त्यांनी एकदाही वापरला नव्हता. त्याऐवजी त्यांनी एक पत्रा ठोकायला घेतला. तो पक्का बसलेला होता.

त्या आठवड्यांत शेतावर मोडकं काही राहिलं नाही. कुंपण सरळ झालं, गव्हाणी पक्क्या झाल्या, बिजागऱ्या तेल पिऊन पिऊन ठिबकू लागल्या. न मोडलेल्या वस्तू उघडून पुन्हा बसवण्यात आल्या. गायींनाही ते कळलं असावं. चुळबुळे गोठ्यात शिरले की त्या उठून उभ्या राहत. झोप लागायची नाही असं नाही, पण झोपेतही पाय हलायचे, असं बायको म्हणायची.

एक दिवस ते स्क्रू मागायला मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री लहानपणापासूनचा दोस्त.

"अरे चुळबुळ्या, शेत आहे की घड्याळ? इतकं काय खोलून बघतोस?"

"बिजागरीला हवाय."

"कुठल्या बिजागरीला? परवा चार नेलेस." मिस्त्रीने स्क्रूचा डबा पुढे केला, पण सोडला नाही. "सही करून टाक बाबा. कारकून परवा माझ्याकडे बसून रडकुंडीला आला होता."

"त्याला हलगर्जी लिहिलंय."

"सरकारी भाषा आहे ती. सगळ्यांनाच लिहितात."

"कुलूप घातल्यावर परत येऊन ओढून बघायचा तो."

"मला सांगतोस? माझ्याकडून नेलेला प्रत्येक बोल्ट मोजून न्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी एक जास्त आला म्हणून परत आणून द्यायचा."

"मग मी सही कशी करू?"

"नको करू. पण मग लिहायचं काय त्यांनी? हलगर्जी तो नव्हता, तर कोण होतं?"

मिस्त्रीने हे सहज विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. चुळबुळ्यांनी डबा सोडला, गॅरेजच्या शटरकडे गेले आणि न सांगता त्याच्या पट्ट्यांना तेल घालू लागले. मिस्त्री बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "डावीकडे पण घाल."

मग कचेरीतून पत्र आलं. आठ दिवसांत सही न झाल्यास "आपणांस सदर मजकूर मान्य आहे असे गृहीत धरण्यात येईल". म्हणजे सही न करूनही ते सही करणार होते. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपण कागद अडवून धरलाय.

सातव्या दिवशी दुपारी चुळबुळे स्वयंपाकघरातला नळ खोलून बसले होते. बसले म्हणजे एका गुडघ्यावर. बायको टेबलाशी बटाटे सोलत होती.

"तो नळ गळत नाहीये," ती म्हणाली.

"गळेल."

"अहो, ठेवा तो पाना."

त्यांनी पाना हातातच ठेवला.

"उद्या मुदत संपतेय."

"माहीत आहे."

"मग त्या कागदावर तो कायमचा बेफिकीर. पुढे कुणी फाइल उघडली तर तेवढंच दिसेल. अमक्याचा मुलगा, बेफिकीर होता, मेला."

चुळबुळ्यांनी नळाकडे पाहिलं. नळात बघण्यासारखं काही नव्हतं.

"दगड तिथे नव्हता," ते म्हणाले. "मी आदल्या संध्याकाळी ताडपत्रीवर ठेवला होता. वारा होता म्हणून."

बायकोने हातातला बटाटा पुरता सोलला, पाण्यात टाकला, दुसरा घेतला.

"आणि परत कधी आणलात?"

"नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"सगळे जमले होते तेव्हा."

"हो," ती म्हणाली. "मी पाहिलं."

पाना खाली ठेवताना फरशीवर वाजला.

"त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. समोरून तुम्ही दगड घेऊन आलात आणि दोरी गुंडाळत बसलात. मला वाटलं, यांना वेड लागलं. रात्री वाटलं, वेड कसलं, चांगले शुद्धीवर होते."

"मला नाही माहीत, अगं. खरंच. जागच्या जागी ठेवावा म्हणून ठेवला, की कुणी बघू नये म्हणून ठेवला. मी रोज आठवून बघतो. पाय चालत होते एवढंच आठवतं."

"मलाही नाही माहीत. सहा आठवडे मी तेच ठरवतेय. रोज तुमचं ताट वाढते आणि रोज ठरवते."

"मग बोलली का नाहीस?"

"मी विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. मला ते हो नको होतं." तिने सुरी पुसली. "तुम्ही आपण होऊन सांगता की नाही, एवढंच मला बघायचं होतं. आणखी एक आठवडा गेला असता तर मी माहेरी निघून गेले असते. बॅग काढून ठेवलीय, कपाटावर आहे."

चुळबुळ्यांनी बॅग पाहिली होती. तिची चेन अडकत होती, म्हणून मेण लावून नीटही केली होती.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता पँट बदला. हिला ग्रीस लागलंय. कचेरी पाचला बंद होते. मीही येते."

कचेरीच्या खोलीत तीन टेबलं होती आणि दोहोंवर फायली बसलेल्या होत्या. तिसऱ्यावर कारकून होता. चुळबुळ्यांना दारात पाहून तो इतका खूश झाला की त्याने स्वतः उठून पेन दिलं.

"सही नाही करत," चुळबुळे म्हणाले. "जबाब द्यायचाय."

ते बोलले आणि कारकून लिहीत गेला. मग लिहायचा थांबला. "काका, एक मिनिट. हे लिहिलं तर सगळं तुमच्यावर येतं."

"येऊ द्या."

"म्हणजे पुरावा हलवला असा अर्थ होतो."

"हलवला."

"इथे कारण लिहावं लागतं. का हलवला?" कारकुनाने आवाज खाली आणला. "मानसिक धक्क्यात होतो, असं लिहू का? तसं चालतं. पुष्कळ जण लिहितात."

चुळबुळे खुर्चीच्या पाठीचा सैल स्क्रू बोटाने फिरवत होते. त्यांनी बोट काढून घेतलं.

"नको. माहीत नाही असं लिहा."

"'माहीत नाही' हे कारण होत नाही, काका."

"लिहा हो," बायको म्हणाली. "आमच्याकडे तेवढंच आहे."

कारकुनाने लिहिलं. मग चुळबुळे म्हणाले, अजून एक आहे. त्याने मला हाक मारून दगड कुठाय असं विचारलं होतं. मी म्हणालो, आलोच.

"मग किती वेळाने गेलात?"

चुळबुळ्यांना सांगता येईना. कुंपण आठवत होतं, पक्कड आठवत होती, वेळ आठवत नव्हता.

"पंचवीस मिनिटं," बायको म्हणाली. "मी ओट्यावरून बघत होते. तो सारखा घड्याळ बघत होता. मीच त्याला म्हणाले, बाबा आलोच म्हणालेत, तू चहा पिऊन घे. तो म्हणाला, नको, दुधाची गाडी चुकेल."

हे चुळबुळ्यांना आजवर माहीत नव्हतं. कारकुनाने विचारलं, हेही लिहायचं का? ती म्हणाली, लिहा. तो गाडी चुकू नये म्हणून गेला, हलगर्जीपणाने नाही, हे नीट लिहा.

कारकुनाने नीट लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. बाहेर आल्यावर चुळबुळे कचेरीच्या फाटकाची कडी बघायला लागले, तर ती म्हणाली, "चला आता," आणि ते चालू लागले. घरी गेल्यावर तिने बॅग कपाटावरून काढली नाही आणि भरलीही नाही.

महिन्याभराने सुधारित अहवाल आला. या वेळी कारकून सही घ्यायला थांबला नाही. लिफाफा ओट्यावर ठेवून, हात जोडून निघून गेला. बायकोने तो मोठ्याने वाचला. चुळबुळे ऐकत उभे होते.

"नवीन जबाब विचारात घेता, मयताकडून कोणताही हलगर्जीपणा झाल्याचे आढळून येत नाही."

ती इथे थांबली आणि ते वाक्य तिने पुन्हा एकदा वाचलं, मोठ्याने, सावकाश. मग पुढे गेली.

"सुरक्षित साधन जागेवर न ठेवणे व घटनेनंतर ते हलवणे या बाबी कुटुंबप्रमुखाकडून घडल्या असून त्यामागे हेतू असल्याचे सिद्ध होत नाही. तथापि, यापुढे आपल्या अपत्यांकडून वाहनावर काम करून घेताना योग्य ती दक्षता घ्यावी व अशा चुकीची पुनरावृत्ती होऊ देऊ नये, अशी सक्त समज कुटुंबप्रमुखास देण्यात येत आहे. प्रकरण निकाली."

त्यांना मूल एकच होतं.